फॅमिली प्लॅनमधला दुसरा नंबर

चेन्नईतलं घर आवरताना गॅसचं कनेक्शन बंद झालं, विजेचंही झालं, घरमालकानेही कुरकुर केली नाही. अडलं ते मोबाईलच्या प्लॅनपाशी.

फॅमिली प्लॅन नवऱ्याच्या नावावर होता. त्यात पहिला नंबर त्याचा, दुसरा माझा. आदल्या वर्षी आम्ही दोघांनी नवे फोन घेतले होते. ते स्वस्तात मिळाले, कारण मुदत संपेपर्यंत दोन्ही नंबर त्याच प्लॅनमध्ये ठेवू असं आम्ही कबूल केलं होतं. मधेच एक काढला तर दंड. सही करताना आम्ही हसत होतो. फोनचा रंग कुठला घ्यायचा यावरून आमचं चाललं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्यात माझे वडील गेले. नवरा गाड्यांच्या कारखान्यात होता आणि तिथे नव्या मॉडेलचं काम ऐन रंगात आलेलं. मी एकटी विमानाने गेले. तो तेराव्याला आला, बाबांच्या फोटोच्या पाया पडला आणि संध्याकाळी परतला. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत राहिले. मी काही विचारीन म्हणून कदाचित तोही थांबला असेल. परत आल्यावर आमचं बोलणं दूध आणलं का, किल्ली कुठेय, एवढ्यावर आलं. तो पहाटे कंपनीच्या बसने जायचा, मी माझ्या ऑफिसातून उशिरा यायची. चेन्नईच्या टोकाला, तांबरमच्या त्या घरात आम्ही भांडलो असतो तरी कुणाला कळलं नसतं, कारण आजूबाजूला मराठी कुणालाच येत नव्हतं. पण भांडलोही नाही. मी पुण्याच्या ऑफिसात बदली मागून घेतली. वेगळं व्हायचं ठरलं तेही स्वयंपाकघरात, चहा उकळत असताना.

माझा नंबर बँकेला, ऑफिसला, सगळीकडे दिलेला. तो मला हवा होता आणि दंड भरायचा नव्हता. म्हणून एका शनिवारी आम्ही दोघं स्टेशनजवळच्या मोबाईल कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीला नवऱ्याने कारखान्यात शिकलेल्या मोडक्या तमिळमध्ये सगळं समजावलं. मॅडम गावी चालल्यात, एवढंच कारण सांगितलं. तिने कॉम्प्युटरवर बघून वाट सांगितली. माझा नंबर माझ्या नावावर करून वेगळा काढता येईल, पण प्लॅनमधली रिकामी जागा घरच्याच कुणीतरी भरायला हवी. मग दंड नाही.

"अम्मा इरुक्कांगळा, सार?" तिने विचारलं. आई आहेत का?

आई होत्या. माझ्या सासूबाई. मिरजेला एकट्या राहायच्या. त्यांचा नंबर दुसऱ्या कंपनीचा होता, तो इकडे घेता आला असता. त्यासाठी त्यांनी त्यांच्या फोनवरून एक मेसेज पाठवायचा, उत्तरात येणारा कोड आम्हाला सांगायचा, आणि पुढचं काम मिरजेचा माणूस घरी येऊन करणार. सोपं होतं. फक्त आमच्याबद्दल त्यांना अजून काही माहीत नव्हतं. दिवाळीत समोर बसून सांगायचं, असं आमचं ठरलं होतं.

दंड भरून मोकळं होता आलं असतं. तसं त्यानेही म्हटलं नाही, मीही नाही. दोघांनी मिळून करायचं असं तेवढंच एक काम उरलं होतं.

दुकानातल्या बाकावर बसून त्याने आईंना फोन लावला. कोड मला उतरवून घेता यावा म्हणून स्पीकर चालू ठेवला. माझ्या प्लॅनमध्ये तुझा नंबर घेतोय, तुला रिचार्जची कटकट नको, असं तो म्हणाला. आई खूश झाल्या. मेसेज कसा पाठवायचा ते त्याने दोनदा सांगितलं. मग त्यांनी सहज विचारलं, अशा प्लॅनमध्ये किती नंबर बसतात?

"दोन," तो म्हणाला.

"मग एक तुझा, एक तिचा. माझा कसा बसेल?"

तो मान खाली घालून फोनकडे बघत राहिला.

"तिचा काढून माझा घालताय?" आईंनी विचारलं. "मग ती कुठं जाणार?"

त्याने फोन माझ्या हातात दिला. मी स्पीकर बंद करून कानाला लावला आणि म्हणाले, "आई, मी पुण्याला चाललेय. एकटीच."

  काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघत होती, तिला वाटलं असेल कोड येत नाहीये. शेवटी आई म्हणाल्या, "आलाय मेसेज. घे लिहून." त्यांनी एकेक अक्षर, एकेक आकडा वाचला. इंग्रजी अक्षरांपाशी त्या नेहमी अडखळायच्या, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्यामुळे चूक व्हायला नको, म्हणाल्या. आणि मग,

"आता मी तुला फोन केला तर चालेल ना गं?"

मी हो म्हणाले. मग फोन त्याला परत दिला. तो उठून दुकानाबाहेर गेला आणि रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहून बराच वेळ आईशी बोलत होता. आत आला तेव्हा डोळे लाल होते. बाबांच्या तेराव्याला मला त्याचा तो चेहरा हवा होता.

काम झालं. दंड लागला नाही. पुढच्याच आठवड्यात मी चेन्नई सोडली.

आईंचा फोन येत राहिला. वटपौर्णिमेला, माझ्या वाढदिवसाला, कधी नुसताच. त्या मुलाबद्दल बोलायच्या नाहीत, मी विचारायची नाही. गुडघे, पाऊस, शेजारणीचा नातू, एवढंच. कोर्टातलं सगळं संपलं त्या दिवशीही त्यांनी फोन केला आणि मेथीचे लाडू कुरिअरने पाठवतेय म्हणून सांगितलं.

त्याचं दुसरं लग्न ठरल्याचं मला आईंनीच सांगितलं. मुलगी चांगली आहे म्हणाल्या. मी म्हटलं, बरं झालं, आणि ते खरंच मनापासून म्हटलं. मग त्या म्हणाल्या,

"आता मी फोन नाही करणार, पोरी. नवी मुलगी घरात येतेय. तिला वाईट वाटायला नको."

"बरोबर आहे, आई," मी म्हणाले.

स्वतःला जप म्हणाल्या. मीही तेच म्हणाले. फोन कुणी आधी ठेवायचा ते दोघींनाही कळेना, म्हणून आम्ही तशाच थांबलो होतो. पलीकडे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तेव्हा त्यांनी ठेवला.