हात काढ, म्हणला धनगर

देवावर माझा भरवसा लई होता, पर देवाला काय पायजे ते त्याच्यापेक्षा मलाच जास्त कळतंय असं वाटायचं. शाळंचं तोंड न्हाई पाहिलं, तरी अक्कल फुकट वाटत फिरायचो. त्याच अकलेनं बायकोचा एकलाच भाऊ घालवाय निघालो होतो.

लातूर नवीनच जिल्हा झाला होता. दुष्काळ असा की मांजरेत पाणी ऱ्हायलं ते फकस्त आमच्या गावाजवळच्या खोल डोहात. जिल्हा झाल्याच्या आनंदात तिथंच पवायची शर्यत ठिवली. पुसाची थंडी. जो जास्त फेऱ्या मारंल त्याला फेटा. मी पाण्यात दगडावानी, म्हणून मेव्हण्याला, किसनला, उतरवलं. वर खंडोबाला बोललो, आयतवार हाय, गडी उपाशी पवंल, तू जिंकून दे. उपाशी किसन, आन दोन भाकरी हाणून नवस बोलणारा मी.

सातव्या फेरीला त्याचे हात कसेबी पडाय लागले. लोक म्हणले, काढा त्याला. मी काठावरून वरडलो, "आजून दोन मार, देव हाय." त्यानं मारल्या, पर मग त्याला काठच धरता येईना. वढून काढला तर ओठ निळे, दात वाजत होते, बोलणं दारू पेल्यावानी. बायकोचं तोंड डोळ्यापुढं आलं. मी त्याला वल्ल्या धोतरातच बसवला आन हातपाय जोरात रगडाय लागलो. कुणीतरी दारूची बाटली पुढं केली. एवढ्यात किसनचं कापरं थांबलं. मी हसून म्हणलो, "बघा, माझ्या हाताला गुण हाय."

"हात काढ."

मागं एक म्हातारा धनगर. मेंढरं पाण्यावर आणलेली, गावात कधी पाहिलेला न्हाई.

"कापरं थांबलं म्हणून हसतुस? कोकरू कापतंय तंवर बरं आसतंय. थांबलं की भ्यायचं."

"मामा, पर आंग चोळाय पायजे ना?"

"चोळलं की गार रगत काळजाकडं पळतंय. वलं काढ आधी. बाटली तिकडं ठिव."

त्यानं किसनला अलगद आडवा केला, कोरडा पुसला, खाली पोतं घातलं. स्वतःचा सदरा काढून त्याला उघड्या छातीशी धरला, वरून डोक्यासकट घोंगडं. "त्या अंगानं तू घुस. तेवढ्या तरी कामाचा हायस." मी घुसलो. किसनचं आंग डोहाच्या दगडासारखं गार. एक श्वास यायचा, मग दुसऱ्याची वाट बघायची. माझे हात काहीतरी कराय वळवळायचे, म्हातारा ते दाबून धरायचा. तवा जन्मात पहिल्यांदा मी खंडोबाला अक्कल न शिकवता म्हणलो, तुझं तू बघ.

लई येळानं किसन पुन्हा कापाय लागला. "आला," म्हातारा म्हणला. गिळाय जमाय लागल्यावर कोमट दुधात गूळ घालून घोट घोट दिला.

"दाजी, फेटा कुणाला?" किसन पुटपुटला.

"गप पड," म्हणलो, आन रडलो.

दवाखान्यातल्या डाक्टरनं सगळं ऐकल्यावर इचारलं, असं कुणी गुंडाळलं? त्यानंच वाचवलाय. दवाखान्याची जीप येस्तोवर म्हातारा बसला होता, मग घोंगडं झटकून मेंढरामागं गेला. नाव इचारायचं मला सुचलंच न्हाई. किसन म्हणतो, खंडोबाच होता. बायको म्हणती, आसंल, पर तुमच्यासाठी आला नव्हता.

तिचं खरं हाय. तो देव होता का माणूस, त्यात मी पडत न्हाई. आयतवारी आता कुणाला उपाशी न ठिवता देवळात जातो. काय मागत न्हाई, काय सुचवत न्हाई. हात जोडतो आन तसेच ठिवतो, म्हणजे त्याच्या कामात येत न्हाईत.