खाणवाल्याची करंजी

अंबादास खराडे रास अल खैमाला आला तेव्हा खाणीसमोरचा डोंगर अख्खा होता. आता निम्मा उरलाय. बाकीचा निम्मा दुबईच्या इमारतींखाली, अबूधाबीच्या रस्त्यांखाली आणि समुद्रात भराव घालून केलेल्या बेटांखाली जाऊन बसलाय. एकोणतीस वर्षं हा आटपाडीकडचा गडी डोंगराच्या अंगाला ड्रिल लावून उभा आहे. तो भोकं पाडतो, दुसरे त्यात दारू भरतात, तिसरे बटण दाबतात आणि डोंगर खाली बसतो. धुरळा उठतो तो सगळ्यांच्या वाटणीचा. तो अंबादासच्या भुवयांत बसला, कानाच्या पाळीत बसला, नखांच्या मुळाशी बसला. कितीही साबण लावला तरी हाताच्या रेषा पांढऱ्याच.

अशा माणसाला खाणवाला म्हणू नये तर काय म्हणावं? पण सरकारी कार्डाच्या मागच्या बाजूला त्याचा धंदा लिहिलाय ‘माळी’.

त्याचं असं झालं. शहाण्णव साली मुंबईच्या एजंटाकडे व्हिसा होता एकच, आणि तो होता माळ्याचा. एजंट म्हणाला, “चढ विमानात, तिकडं गेल्यावर बदलू.” अंबादास चढला. तिकडे गेल्यावर कंपनीचा मन्दूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद नेणारा माणूस, म्हणाला, “पुढच्या वेळी, इन्शाल्ला.” त्या इन्शाल्लावर व्हिसा चौदा वेळा नवा झाला. कंपनीत माणसं पाचशे, त्यात कागदोपत्री माळी एक, आणि कंपनीच्या आवारात झाड म्हणाल तर शपथेला नाही. एकदा एका मॅनेजरनं टेबलावर निवडुंग ठेवला होता. तोही प्लास्टिकचा निघाला.

अंबादासला याचं काही वाटत नसे. कार्ड पाकिटात, पाकीट खिशात. ते कोण उलटं करून वाचतं?

त्याचा मुलगा निखिल शिकून इंजिनिअर झाला आणि अबूधाबीजवळच्या खलिफा सिटीत राहू लागला. सून मृणालिनी मुंबईची. ती सोसायटीतल्या बायकांना सांगे, “आमचे सासरे मायनिंगमध्ये आहेत.” बायकांना वाटे, हिऱ्यांची खाण असावी. मृणालिनीही ते वाटणं मोडत नसे. नात अवनी अकरा वर्षांची. आबा महिन्यातून एकदा भेटत, आणि भेटले की डोंगराच्या गोष्टी सांगत. डोंगर आतून कसा गुरगुरतो, कुठला दगड लबाड असतो, कुठला बिचारा एका टोल्यात मान टाकतो. तिला मराठी कळे सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत येई. जगात तिचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, वायफायवर आणि आबावर.

तर एका रविवारी हे तिघं गाडी घेऊन आले आणि मृणालिनी म्हणाली, “आप्पा, आज तुमच्याच रोडवर लंच. नवीन जागा उघडलीये. एकदम तुमच्या थीमची.”

जागा नवी नव्हती. ती अलीमियाँची कॅफेटेरिया. पंधरा वर्षं खाणीचे ड्रायव्हर तिथं पराठा-चहा घेत. आता ती पुण्याच्या राजन देवस्थळीनं घेतली होती. राजन दुबईतली नोकरी सोडून बायकोबरोबर इंग्लंड हिंडून आला. तिकडे खाणीत उतरणारे मजूर पूर्वी म्हणे मटण-बटाटा भरलेला एक पाय डब्यात न्यायचे. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. तो खाऊन राजनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि परत येऊन त्यानं पाटी लावली, ‘द लास्ट मायनर’. खाली बारीक मराठीत ‘खाणावळ’.

“खाण आणि खाणावळ,” दारातच राजननं खुलासा केला. “श्लेष आहे. इथं कुणाला कळत नाही.”

शेवटचा खाणकामगार म्हणून पाटी, आणि समोरच्या रस्त्यानं दर चार मिनिटांनी दगडांचा ट्रक. त्या ट्रकवाल्यांतला एकही आत येत नव्हता, कारण एका पायाला पंचेचाळीस दिरहम.

“म्हंजी हजाराच्या वर रुपये?” अंबादासनं दारातच हिशोब केला.

“आप्पा, प्लीज, कन्व्हर्ट नका करू,” मृणालिनी कुजबुजली.

आत भिंतीवर कंदील, हेल्मेटं, कुदळ. वेटरांच्या शर्टांवर काळे-करडे डाग, सगळ्यांना एकाच जागी, म्हणजे छापीलच. मात्र अंबादास खुर्चीत बसला आणि खुर्चीवर खरी पांढरी धूळ उमटली, तेव्हा एक वेटर धावत येऊन फडकं मारून गेला.

समोर मोठा फलक होता: ‘खऱ्या खाणकामगाराला पहिला पाय आमच्यातर्फे. त्यावर त्याच्या नावाचं अक्षर. फोटो कायमचा भिंतीवर.’ शेजारी शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या काही गोऱ्या मजुरांचे फोटो.

अवनी ताडकन उठली. “आबा! दॅट्स यू!”

“अहो, हे रिअल आहेत,” मृणालिनीनं राजनला हाक मारली. “ट्वेंटी-नाइन इयर्स.”

राजनचा चेहरा उजळला. “काका, सहा आठवडे झाले, एक मायनर मिळत नाहीये! फक्त कार्ड दाखवा. प्रोसिजर म्हणून हो. हल्ली कुणीही येतं आणि म्हणतं मी मायनर.”

अंबादासचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. तेवढ्यात अवनीनं लाडानं त्याचं पाकीट ओढलं, कार्ड काढलं, उलटं केलं आणि मोठ्यानं वाचलं.

“ऑक्युपेशन… गार्डनर.”

बाहेरून एक ट्रक गेला. कपबश्या थरथरल्या.

“आप्पा, तुम्ही अजून ते बदललं नाही?” निखिल हळूच म्हणाला. मृणालिनीनं आजूबाजूला खलिफा सिटीचं कुणी नाही ना ते बघितलं.

“ए राजनसाब,” भटारखान्याच्या खिडकीतून अलीमियाँनं तोंड बाहेर काढलं. जागा गेली तरी माणूस तिथंच होता, आता स्वयंपाकी म्हणून. “ये उस्ताद है. आधा पहाड़ इसने खोला है.”

“अलीमियाँ, तुम भट्टी देखो. काकांबद्दल पूर्ण रिस्पेक्ट आहे. पण लिहिलेलं ते लिहिलेलं.” राजन अवनीकडे वळून समजुतीनं म्हणाला, “बेटा, गार्डनर इज ऑल्सो व्हेरी नाइस.”

अवनी खुर्चीत बसली, कार्ड टेबलावर ठेवलं. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, “आबा, द माउंटन स्टोरीज… वेअर दे मेड अप?”

एकोणतीस वर्षांत अंबादासच्या पायाशेजारी दगड पडले होते, एकदा ड्रिलच उलटून अंगावर आलं होतं. पण आत काहीतरी निसटावं असं झालं ते आज. पाय फुकट मिळो न मिळो, भिंतीवर फोटो लागो न लागो. ही पोर ज्या डोळ्यांनी बघायची ते डोळे आता बशीत बघत होते. तो सांगायला गेला, “न्हाय गं बाय, त्ये येजंटानं…” आणि त्यालाच ऐकू आलं, की हे लबाड माणसाच्या तोंडून जसं येतं तसंच येतंय. 

पाय आले. पैसे देऊन. ताटभर लांब, अर्धचंद्राचा आकार, कडेला पीळ घातलेली जाड मुरड.

“करंजी!” अंबादास म्हणाला. “मटणाची करंजी हाय की ही.”

“करंजी नव्हे, काका,” राजन दुखावला. “याला दोनशे वर्षांची परंपरा आहे.”

बाकीच्यांच्या पायावर दुकानाचं इंग्रजी अक्षर होतं, अंबादासच्या मात्र कोपऱ्यात एक उभी रेघ. अलीमियाँनं आपल्या लिपीतला अलिफ, म्हणजे अंबादासचा ‘अ’, कोरला होता, त्याला तेवढंच लिहिता येई. अंबादासला ती रेघ दगडात उभ्या उतरलेल्या सळईसारखी दिसली. त्यानं खिडकीकडे बघून मान हलवली.

चव वाईट नव्हती. बटाटा, कांदा, सलगम, मटणाचे बारके तुकडे, वर मिरीचा नुसता वास. तिखट नावाला नाही. आजाऱ्याला द्यावं असं जेवण. निखिल काट्या-चमच्यानं खात होता. अंबादासनं आपला दोन्ही हातांनी उचलला आणि शांतपणे या टोकापासून त्या टोकापर्यंत खाल्ला, मुरडीसकट.

“अरेरे!” राजन धावला. “मुरड खायची नाही! मजुरांच्या हाताला खाणीतलं विष असायचं. ते मुरडीला धरून खायचे आणि मुरड टाकून द्यायचे. खऱ्या मायनरची तीच तर खूण!”

“अन्न टाकायचं?”

“परंपरा आहे.”

“आमच्या हाताला चुनखडी असती,” अंबादास बोटं चाटत म्हणाला. “आमी ती बी खातो.”

राजननं निखिलकडे असं पाहिलं की बघा, कार्ड खोटं बोलत नाही. अवनीनं आपली मुरड ताटाच्या कडेला ठेवली होती.

बिल देऊन सगळे बाहेर आले, तर राजन मागोमाग. “काका, आता तुम्ही आहातच तर एक सल्ला. तुमच्याच लाइनमधला.” दारापुढे आळ्यांत बोगनवेलीची तीन रोपं वाळून काटक्या झालेली. “तिसरा लॉट आहे. दुबईचा कन्सल्टंट आणला, माती तपासली, खत घातलं. मरतातच. तुम्ही एक्सपर्ट आहात.”

मृणालिनीनं डोळे मिटले. अंबादासला आधी राग आला, मग हसू. झाडातलं त्याला काडीइतकं कळत नव्हतं. त्यानं रोपाकडे पाहिलंसुद्धा नाही, खालच्या जमिनीकडे पाहिलं.

“निखिल, चाक खोलायचा पाना आण.”

पाना आला. अंबादास उकिडवा बसला आणि आळ्याशेजारी ठोकला. टण्ण. एक हात पुढं ठोकला. टण्ण. मग भिंतीच्या अंगानं सरकत, डोकं कलतं करून, कुणाच्या तरी दारावर टकटक करावी तसा ठोकत गेला. टण्ण, टण्ण, टण्ण, बद्द. तिथं थांबला. पुन्हा ठोकलं. बद्द.

“हितं आणि हितं वीतभर खाली सलग कातळ,” तो म्हणाला. “तुमी मूळ बशीत लावलंया. पाणी तुंबतं, मूळ कुजतं. ही भेग हाय बघा, ह्या अंगानं डोंगराकडं गेलीया. तीन हात तरी खोल. हितं लावा.”

अलीमियाँ पहार घेऊन आलाच होता. पहिल्या जागी मारली तर वीतभरावर ठिणगी उडाली. दुसऱ्या जागी मारली तर पहार लोण्यात जावी तशी गेली, मुठीपर्यंत.

अवनी मातीत गुडघे टेकून बसली, पांढऱ्या जीन्सची पर्वा न करता. तिनं पाना घेतला, ठोकला, कान लावला.

“आबा, हाउ डू यू नो?”

“ऐक की. भरलेला दगूड मोठ्यानं वरडतोय. फुटलेला खालच्या आवाजात बोलतो. एकुणतीस वरसं त्येंच्यातच काढली मी.”

तिनं पुन्हा ठोकलं. बद्द. मग मान वर केली, आणि ते जुने डोळे परत आलेले अंबादासनं पाहिले. त्याला भिंत मिळाली असती तरी इतकं बरं वाटलं नसतं.

पण राजनही काही अगदीच दगड नव्हता. “म्हणजे काका, तुम्ही खरंच मायनर!” त्यानं फोन काढला. “कार्ड गेलं खड्ड्यात. आपण रील करू. नाव, कंपनीचं नाव, किती वर्षं ड्रिल चालवता, सगळं सांगा. वीस हजार लोक बघतील. ते हेल्मेट आणा रे, डागवालं!”

अर्ध्या तासापूर्वी हेच तर हवं होतं. अंबादास उभा राहिला, शर्ट झटकला. तेवढ्यात पहारीवर रेललेला अलीमियाँ सहज बोलावं तसं बोलला, “उस्ताद, वीडियो तो लेबर ऑफिसवाले भी देखते हैं.”

अंबादासनं लगेच हिशोब केला. कार्डावर माळी आणि व्हिडिओत ड्रिलवाला. कंपनीला दंड, आणि कंपनी दंड भरून मोकळी झाली की ह्याला विमान. ज्यांनी कागद बदलला नाही त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

“न्हाय साहेब,” तो म्हणाला. “मी माळी.”

“अहो काका, लाजताय काय!” राजननं फोन अवनीकडे वळवला. “बेटा, तू सांग. तुझे आबा काय काम करतात?”

निखिल पुढं व्हायला निघाला, पण अंबादासनं त्याचा दंड धरला. पोर अकरा वर्षांची. तिनं खरं सांगितलं तर तिला रागवायचं कुठल्या तोंडानं?

अवनीनं एकदा अलीमियाँकडे पाहिलं, एकदा आबाच्या हातांकडे. टेबलावरचं कार्ड तिनं निघताना आपल्या खिशात टाकलं होतं. ते काढून तिनं फोनसमोर धरलं आणि शाळेत भाषण करतात तशा ताठ आवाजात म्हणाली, “माझे आबा माळी आहेत. ही इज द बेस्ट गार्डनर इन रास अल खैमा. खलास.”

आख्खं वाक्य मराठीत तिनं त्या वर्षात पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि ते खोटं होतं. अंबादासनं तोंड वळवलं आणि धूळ गेल्यासारखे डोळे पुसले.

फोटो शेवटी भिंतीवर लागला. गोऱ्या मजुरांच्या रांगेत नाही, हात धुवायच्या बेसिनशेजारी, खाली ‘आमचे माळीकाका’. बोगनवेल भेगेत रुजली आणि छपरापर्यंत गेली. राजन येईल त्याला सांगतो की झाडाला नुसता हात लावून जगवणारा एक अडाणी माणूस आपण शोधून काढला. मृणालिनीनंही जमवून घेतलं. हल्ली तिचे सासरे लँडस्केपिंगमध्ये आहेत.

आणि रोज संध्याकाळी, कँपमध्ये अंबादास हात धुऊन खाटेवर टेकला की फोन वाजतो.

“आबा, आज किती झाडं लावली?”

“अठरा.”

“हाउ डीप?”

“बारा मीटर,” अंबादास म्हणतो, आणि मग कुठला दगड आज लबाड निघाला ते पहिल्यापासून सांगायला लागतो.