सासूबाईंना ससा चावला

सव्वीस वर्षांच्या संसारात सासूबाईंनी मला दुर्वांना हात लावू दिला नव्हता. मी जुडी सैल बांधते, पाती मोजताना बोलते, आणि एकदा माझ्या जुडीत एकवीसऐवजी बावीस पाती निघाली होती, हे त्यांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्या संकष्टीला मी दुपारी घरात पाऊल टाकलं आणि त्या म्हणाल्या, "संध्याकाळच्या जुड्या आज तू बांध गं," तेव्हा मी चप्पलही न काढता विचारलं, "आई, काय झालंय?"

"काही नाही. कंटाळा आलाय."

त्यांना देवाच्या कामाचा कंटाळा आला यावर मी विश्वास ठेवावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

मी बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानात काम करते. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. यावर पुण्याबाहेरच्यांचं हसून झालं असेल तर पुढे सांगते. घर नारायण पेठेत, चालत दहा मिनिटांवर, म्हणून रोज जेवायला मी घरीच येते. एरवी सासूबाई दारातच भाजीवाल्याची तक्रार सुरू करतात. त्या दिवशी गप्प होत्या आणि त्यांचा उजवा हात पदराखाली होता.

मी त्यांचा हात बाहेर काढला. तर्जनीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली, हळदीनं पिवळी झालेली. चिंधी सोडली तर खाली दोन खोल खुणा, शेजारी शेजारी, आणि बोटाचं टोक सुजलेलं.

"विळीवर कापलं," त्या म्हणाल्या.

"विळीला दात कधी फुटले?"

आरोपी गॅलरीच्या दारात बसून मिशा हलवत होता. हा ससा माझ्या मुलानं कॉलेजात असताना आणला. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि ससा आमच्या गळ्यात पडला. माझं आणि त्याचं कधी जमलं नाही. त्यानं माझे दोन चार्जर खाल्ले, एका चांगल्या साडीचा काठ कुरतडला. मागच्या महिन्यात त्यानं टीव्हीची वायर तोडली तेव्हा मी जाहीर केलं होतं, "आता आणखी काही केलं की याला देऊन टाकणार." मार्केट यार्डात गाळा असलेले आमचे एक ओळखीचे तर न्यायला तयारच होते.

सासूबाईंनी बोट का लपवलं ते आता माझ्या ध्यानात आलं. जुड्यांसाठी निवडताना ससा जवळ आला असणार आणि त्यानं मूठभर दुर्वा तोंडात धरल्या असणार. त्या देवाच्या, म्हणून सासूबाईंनी त्या त्याच्या तोंडातून ओढल्या. दुसरी कुणी असती तर तिनं सोडून दिल्या असत्या.

"तो चावला नाही गं. माझंच बोट मध्ये आलं."

"उद्याच देऊन टाकते त्याला," मी म्हणाले. त्यांनी मान वळवून गॅलरीच्या दाराकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला लागलं.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती आणि मला ती ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. आम्ही दोघं नवरा-बायको सकाळी कामाला जायचो आणि माझी जेवणाची वेळ सोडली तर त्या दिवसभर एकट्या. संध्याकाळी विचारलं तर दोन शब्दांत उत्तर. मग एकदा मी अवेळी घरी आले आणि जिन्यातच मला त्यांचा आवाज ऐकू आला. "अहो, ऐकलंत का, उद्या पाणी येणार नाहीये म्हणे. आणि तुमचं ते पेन्शनवालं ऑफिस हलवताहेत." दारातून डोकावले तर सासूबाई सशाला पेपर वाचून दाखवत होत्या. मी खाली जाऊन कोपऱ्यावर दहा मिनिटं उभी राहिले आणि मग मोठ्यानं पाय वाजवत वर आले.

पण त्यांना मधुमेह आहे, आणि जखम दातांची होती. सशाला तपासणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मी फोन लावला.

"काय झालंय सशाला?"

"सशाला काही नाही. सासूबाईंना चावलाय."

"मग मला कशाला फोन केलात?" त्या म्हणाल्या, पण सांगितलंही सगळं. ससा घराबाहेर जात नाही ना? कुत्र्या-मांजराशी कधी गाठ पडली नाही ना? मग रेबीजची भीती जवळजवळ नाही. हळद धुऊन टाका, बोट साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली धरा, आणि माणसांच्या डॉक्टरकडे न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते तेच ठरवतील, आणि मधुमेह आहे तर जखम दाखवाच.

मी नळ सोडला. "केवढं पाणी वाया," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या हातानं मी मोबाईलवर वाचत होते, आणि तिसऱ्या पानापर्यंत पोचले तोवर मी त्यांना मनातल्या मनात आयसीयूत दाखल केलं होतं. तेवढ्यात त्यांचा हात थरथरायला लागला. कपाळावर घाम आला. त्यांनी बेसिनची कड घट्ट धरली. मी खरंच घाबरले. विष चढतंय असंच मला वाटलं, आणि सशाला साप समजण्याइतकी माझी अक्कल त्या क्षणी गेलेली होती.

आमचे डॉक्टर समोरच्याच इमारतीत, दवाखान्याच्या वर राहतात; सासूबाईंना धरून मी तिथे नेलं. पुण्यात दुपारी दोन वाजता कुणाची बेल वाजवायला धाडस लागतं. ते लेंग्यातच खाली आले. बोट पाहिलं, दाबलं, "ठीक आहे, इंजेक्शन देतो, जखम रोज दाखवा, लाली पसरली तर लगेच या," असं म्हणाले. मग त्यांचं लक्ष सासूबाईंच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांनी दुसऱ्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"आजी, सकाळपासून काय खाल्लंत?"

"संकष्टी आहे."

"म्हणजे काय खाल्लंत?"

"चहा घेतला. बिनसाखरेचा."

"आणि मधुमेहाची गोळी?"

"ती घेतली हो. ती कशी चुकवेन?"

मी सासूबाईंकडे बघतच राहिले. गेल्या वर्षी याच डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले होते. तेव्हापासून दर चतुर्थीला, तुम्ही कामाला गेलात की खिचडी खाते, असं त्या आम्हाला सांगत होत्या.

"सशाचं सोडा, यांची साखर पार खाली आलीय," डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले. "तो चावला नसता तर संध्याकाळी तुम्ही यांना बेशुद्ध घेऊन आला असता." त्यांनी ग्लुकोजचं पाणी कालवलं आणि ग्लास पुढे केला.

सासूबाईंनी तोंड फिरवलं. "चंद्रोदयाला वेळ आहे अजून."

"चंद्राला मी सांगतो," डॉक्टर म्हणाले.

त्या हलेनात. चाळीस वर्षांचं व्रत होतं, सासऱ्यांच्या पहिल्या आजारपणात धरलेलं, आणि ते गेल्यावरही सोडलेलं नव्हतं. मी विनवलं, रागावले. मग त्या ग्लासाकडे बघत हळूच म्हणाल्या, "मी हे प्यायले, तर तो राहील?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा लाज वाटली. या बाईला मी घरातली एकुलती एक सोबत काढून घेण्याची धमकी दिली होती, तीही टीव्हीच्या वायरीसाठी.

"राहील," मी म्हणाले. "पण दर चतुर्थीला जेवायचं. माझ्यासमोर."

त्यांनी ग्लास एका दमात संपवला.

बोट आठवड्यात बरं झालं. पुढच्या संकष्टीला मी सकाळी पोहे केले आणि बशी त्यांच्यापुढे ठेवली. ससा त्यांच्या पायाशी कोथिंबिरीच्या काड्या खात होता. त्यांनी देवाकडे पाहून हात जोडले आणि पहिला घास तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मीठ बरोबर होतं. मी उठले आणि मीठ आणून दिलं.