नटीच्या पुस्तकात मैना

सरस्वतीला वाचता येत होतं, ही तिची ऐट. माहेरी शेणवे गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकून ती मुरबाडकडच्या एका लहान गावात सून म्हणून आली, तेव्हा त्या आळीत सातवी झालेली दुसरी बाई नव्हती. कुणाचं पत्र वाचून दे, कुणाच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते सांग, रेशनकार्डावर नाव बरोबर पडलंय का बघ, सगळं तिच्याकडे यायचं. तिला ते आवडायचं. फारच आवडायचं, आणि पुढं जे झालं त्याचं मूळ त्या आवडण्यातच होतं, हे स्वतःशी कबूल करायला तिला बरीच वर्षं लागली.

तिचा नवरा हरेश मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला होता. दर गुरुवारी घरी येताना तो एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडून एक साप्ताहिक घेऊन यायचा. त्याचं नाव दुसरंच काहीतरी होतं, पण मुखपृष्ठावर दर खेपेला कुणीतरी नटी असायची, म्हणून बायकांनी त्याचं नाव 'नटीचं पुस्तक' पाडलं. शुक्रवारी दुपारी जेवणं उरकली की सात-आठ जणी सरस्वतीच्या पडवीत जमायच्या. कुणी तांदूळ निवडायला आणायची, कुणी वाल सोलायला. ते काम सासवांच्या समाधानासाठी. घरी गेल्यावर त्या निवडलेल्या तांदळात पुन्हा तेवढेच खडे सापडायचे.

नटनट्यांच्या भानगडी वाचताना पडवीत नुसता कल्ला. त्या बाया जणू पलीकडच्या आळीत राहत असाव्यात, असं त्यांच्याबद्दल बोलणं चालायचं. एका नटीला मूल होत नाही असं वाचून म्हातारी भिमी तीन शुक्रवार हळहळली. चौथ्या शुक्रवारी ती नटी गरोदर असल्याचं छापून आलं, तर भिमीनं घरी जाऊन गूळ आणला आणि सगळ्यांच्या हातावर ठेवला. कुठल्याशा नटानं पहिलीला टाकून दुसरी केली, तेव्हा रंगूनं त्याला अशा काही शिव्या घातल्या की आत पडलेल्या सरस्वतीच्या सासूनं उठून दार लावून घेतलं.

पण खरी ओढ शेवटच्या दोन पानांची. तिथं दर आठवड्याला कुणा बाईच्या आयुष्यात खरोखर घडलेली गोष्ट यायची, तिनंच लिहून पाठवलेली. खाली बारीक अक्षरात 'नावे बदलली आहेत' असं असायचं. सरस्वती ती ओळसुद्धा वाचायची. नटीची बातमी संपली की सगळ्या एकदम बोलायच्या, पण ही गोष्ट संपली की लगेच कुणी बोलत नसे. प्रत्येकीला आपलं काहीतरी आठवलेलं असायचं, आणि ते छापण्याजोगं आहे हे तेव्हाच कळलेलं असायचं.

मैना त्यांच्यातलीच एक, जेमतेम तिशीची, बोलायला कमी. तिचं या गावात पाटाचं लग्न झालेलं. आधीच्या नवऱ्याशी काडीमोड झाला होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी गोष्ट वाचून झाली, बायका उठून गेल्या, आणि मैना सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. त्या दिवशीच्या गोष्टीत एका बाईचं मूल तिच्यापासून तुटलं होतं. मैना म्हणाली, तिची गोष्ट तिनं लिवली तरी, माझी कोण लिवणार. मग तिनं ती सांगितली.

पहिल्या घरी तिला एक मुलगी होती, अनिता. काडीमोड झाला तेव्हा पंचांनी ठरवलं की पोर बापाकडे राहील आणि मैनानं तिला तोंड दाखवायचं नाही. पोरीला घरच्यांनी सांगून टाकलं की तुझी आई साप चावून मेली. पण त्या घरात एक माणूस मायेचं निघालं, ते म्हणजे पोरीची आत्या, बाईजा. दरवर्षी पौषात मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला बाईजा भाचीला बांगड्या भरायला म्हणून एका ठरलेल्या दुकानात आणायची. मैना आधीच तिथं येऊन गिऱ्हाईक बनून बसलेली असायची. पोर शेजारी बसून हात पुढं करायची, कासार बांगड्या चढवायचा, आणि मैना बघायची. एक अक्षर बोलायची नाही. पोरीच्या हाताचं माप तेवढं ध्यानात ठेवायची. पहिल्या वर्षी एक-आठ, मग एक-दहा, यंदा एक-बारा. वर्षभर तेवढ्यावर काढायचं.

हे तिच्या आताच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. सरस्वतीनं गळ्याला हात लावून शपथ घेतली की कुणाला सांगणार नाही. आणि सांगितलं नाहीच. लिहिलं.

का लिहिलं, याची कारणं तिनं नंतर पुष्कळ शोधली. मैनाच म्हणाली होती ना, माझी कोण लिवणार. पण ही पळवाट होती. सरस्वतीला छापून यायचं होतं, एवढंच खरं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं वाचून दाखवलं, आता आपलं कुणीतरी वाचावं, अशी खाज सुटली होती, आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यात छापण्यासारखं काहीच नव्हतं. नवरा बरा, सासू बरी, पोरं धडधाकट. मग तिनं मैनाचं उचललं.

पावसाळ्यात, भाताची आवणी उरकल्यावर, मुलाच्या वहीची पानं फाडून तिनं गोष्ट लिहिली. मैनाची 'सुलभा' केली, अनिताची 'पिंकी'. बाकी जत्रा तीच, बांगड्यांचं दुकान तेच, आत्या तीच, साप तोच, मापंसुद्धा तीच. इतक्या शुक्रवारी 'नावे बदलली आहेत' वाचून तिचा पक्का समज झाला होता की नाव बदललं की माणूस ओळखू येत नाही. शेवटाला आली तेव्हा मात्र ती अडली. मैनाच्या गोष्टीला शेवटच नव्हता. बाई बघते आणि घरी जाते, हा काय शेवट झाला? नटीच्या पुस्तकात असं कधी संपायचं नाही. मग तिनं सुलभाला पिंकीचा हात धरायला लावला. "मीच तुझी आई" असं म्हणायला लावलं. पिंकी 'आई' म्हणून तिच्या गळ्यात पडली. लिहिता लिहिता सरस्वतीला रडू आलं, आणि रडू आलं म्हणजे चांगलं जमलं, असं तिला वाटलं.

भाद्रपदात गोष्ट छापून आली. त्या गुरुवारी सरस्वतीनं ती चुलीपुढं बसून वाचली, भात करपला तरी वाचत राहिली. शुक्रवारी बायका जमल्या, मैनाही आली, आणि नेहमीसारखी भिमी म्हणाली, आधी खरी गोष्ट घे. सरस्वतीनं पोरानं मागची पानं फाडली म्हणून सांगितलं आणि एका नटाच्या घटस्फोटाची बातमी फिरवून फिरवून वाचली. अंक ट्रंकेत साड्यांच्या तळाशी गेला. घरात कुणी नसलं की ती तो काढायची. आपण केलंय ते बरं नाही, हे तिला तेव्हाही कळत होतं. तरी ती काढायची आणि वाचायची. पुढं या आठवणीनंच तिला सगळ्यांत जास्त जाळलं.

पौष आला. मैनानं आपणहून तिला म्हटलं, यंदा तू चल माझ्याबरोबर, तुला माझी लेक दाखवते. एवढा विश्वास तिनं आजवर कुणावर टाकला नव्हता. सरस्वतीला नाही म्हणता येईना. दोघी भरलेल्या जीपमधून म्हशाला गेल्या. तिथं घोंगड्यांचे ढीग लागलेले, बैलबाजारात धूळ उडत होती. मैना कुठंही न थांबता सरळ बांगड्यांच्या दुकानात जाऊन बसली. सकाळची दुपार झाली. मैना कासाराला पुन्हापुन्हा वेगळे रंग काढायला लावत होती. यंदा एक-चौदाचं माप लागेल, असं ती दोनदा म्हणाली.

तिसऱ्या प्रहरी बाईजा आली. एकटीच. ती बसली नाही, उभ्या उभ्या बोलली.

"पोर येनार नाय. आता कंदीच नाय."

तिनं सांगितलं ते असं. अनिताचा काका शहापूरला केस कापायला गेला होता. नंबर यायची वाट बघताना त्यानं तिथं पडलेलं एक जुनं पुस्तक चाळलं. त्यात अख्खी हकिकत होती, जत्रा, दुकान, आत्या, मापं. त्यानं ते घरी आणून भावाला वाचून दाखवलं. नुसतं बघितलं असतं तर एक वेळ भाऊ शिव्या देऊन गप्प बसला असता. पण मैनानं पोरीला मिठी मारून आपण आई असल्याचं सांगितलं, असं त्यात लिहिलेलं. बाईजानं शपथा घेतल्या की असं काही झालंच नाही. कोण ऐकतो? छापलंय म्हणजे झालंच असणार. पोरीला खोदून खोदून विचारलं, ती बिचारी कावरीबावरी झाली, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. बाईजालाही माहेर बंद झालं.

"तू कुनाला सांगलंस गो?" बाईजानं विचारलं.

मैनानं शेजारी बसलेल्या सरस्वतीकडे पाहिलं. "ही येकलीच हाय. पन ही तशी नाय."

त्या वेळी 'मी' एवढं एकच अक्षर बोलायचं होतं. सरस्वती समोरच्या बांगड्यांकडे बघत राहिली. बाईजा निघून गेली. मैना आणखी तासभर तिथंच बसली, आणि परतीच्या जीपमध्ये उलट तिनंच सरस्वतीला धीर दिला की तू नको गो इतकं मनाला लावून घेऊ.

त्या आठवड्यात हरेशनं आणलेला अंक सरस्वतीनं उघडला नाही. बायकांना डोळे दुखतात म्हणून सांगितलं. रंगू म्हणाली, चष्मा करून घे मग, आमाला कोण वाचून दाखवनार. भिमीनं डोळ्यांत घालायला मध पाठवला. पुढं आळीत टीव्ही आला आणि शुक्रवार आपोआपच मोडले, पण सरस्वतीचे ते त्या दिवसापासूनच बंद झाले. मैना वाटेत दिसली की ती वाट बदलायची. आठ दिवस तिनं असे काढले. मग एका दुपारी ट्रंकेतला अंक पदराखाली घेऊन ती मैनाच्या घरी गेली.

मैना मागल्या दारी वालाच्या शेंगा उन्हात पसरत होती. सरस्वतीनं अंक तिच्यापुढं जमिनीवर ठेवला.

"मीच लिवलं ते," ती म्हणाली. "मीच पाठवलं."

मैनाचे हात थांबले. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी तिनं अंक उचलला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि पुन्हा सरस्वतीच्या हातात दिला.

"वाच."

सरस्वती माफी मागायला लागली, तर मैनानं मान हलवली. तिला फक्त ऐकायचं होतं. मग सरस्वतीनं वाचायला घेतलं. काडीमोड वाचून झाला, पंच झाले, साप झाला, एक-आठ, एक-दहा, एक-बारा झालं. मैना ऐकत होती आणि मधून मधून, बरोबर हाय, अशी मान डोलवत होती. शेवट आला. सुलभानं पिंकीचा हात धरला, पिंकी आई म्हणून गळ्यात पडली.

"हे मी नाय सांगलेलं तुला," मैना म्हणाली.

"नाय. ते मी घातलं."

मैनानं पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारल्या, तेव्हा आता ही उठून आपल्या झिंज्या धरणार, असं सरस्वतीला वाटलं. धरल्या असत्या तर तिनं त्या धरू दिल्या असत्या. त्याचीच वाट बघत ती मान खाली घालून बसली होती.

"तेवढंच परत वाच," मैना म्हणाली.

सरस्वतीनं वाचलं. मैनानं आणखी एकदा वाचायला सांगितलं, तेव्हा आणखी एकदा वाचलं. तिला आपली इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि थांबताही येत नव्हतं. समोर मैना डोळे मिटून बसली होती. सरस्वतीनं खोट्या लिहिलेल्या त्या चार ओळींशिवाय आता तिची लेक तिला कुठंच भेटणार नव्हती.