घासत येणारं पाऊल

माझा घोटा मोडला तो बंगळूरच्या कोरमंगल्यात, सिग्नलला उभी असताना. स्कूटर थांबवून पाय टेकला तो नेमका खड्ड्याच्या काठावर. तोल गेला, स्कूटर अंगावर कलली आणि पाय खाली अडकला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं, चालायला वॉकर दिला. ऑफिसने रजा दिली आणि निपाणीहून आई आली.

इलेक्ट्रॉनिक सिटीत मी आठव्या मजल्यावर राहते. सकाळी कंपन्यांच्या बसेस माणसं घेऊन गेल्या की आमची इमारत संध्याकाळपर्यंत रिकामी असते. दुपारी कॉरिडॉरमध्ये चप्पल वाजली तरी दार उघडून बघावंसं वाटतं, इतकी शांतता. आई जेवून दोन तास झोपायची. त्या वेळात करायला म्हणून मी एक भीतीचा गेम घेतला. ऑफिसातल्या मैत्रिणीने तो संपवला होता. ती म्हणाली, "एकटी नको खेळूस हं." मी हसले. मी भित्री नाही, असं तोवर माझं मत होतं.

गेममध्ये डोंगरावरचं एक बंद पडलेलं क्षयरोग्यांचं इस्पितळ आहे. तिथे आपण हरवलेल्या बहिणीला शोधायला जातो. हातात फक्त टॉर्च. मारायला, लढायला काही नाही. इस्पितळ ओस पडलं तरी तिथली मेट्रन अजून वॉर्डातून फेऱ्या मारते. तिला दिसत नाही, पण ऐकू फार येतं. ती दिसण्याआधी तिची चाल ऐकू येते. एक पाऊल ठक् करून टेकतं आणि दुसरं फरशीवर घासत येतं. तो आवाज आला की कपाटात शिरायचं किंवा खाटेखाली सरकायचं आणि बटण दाबून श्वास रोखायचा. फार वेळ रोखला तर धाप लागते आणि तिला पत्ता लागतो.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की बटणाबरोबर मी स्वतःचाही श्वास रोखतेय. छातीत दुखेपर्यंत. भर दुपारी तीन वाजता, खिडकीबाहेर उन्हात उड्डाणपुलावरून गाड्या चाललेल्या, आणि माझे तळहात इतके ओले की कंट्रोलर निसटत होता. दहा-पंधरा मिनिटांनी गेम थांबवून मी उगाच त्या गाड्या बघत बसायचे. मग परत खेळायचे. सोडवतही नव्हतं.

चौथ्या दिवशी मी हेडफोन लावून खेळत होते. इस्पितळाच्या धोबीखान्यात पोचले होते. ओळीने वाळत घातलेल्या चादरी, आणि त्यांच्या पलीकडे ती. ठक्. मग घासण्याचा आवाज. तो हळूहळू उजव्या कानातून डाव्या कानात गेला, म्हणजे ती माझ्या मागून चालली होती. आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला.

मी किंचाळले. हात मागे झाडला. आई चहा घेऊन आली होती. सगळा कप तिच्या मनगटावर सांडला.

नळाखाली हात धरून ती उभी होती आणि मी वॉकरला टेकून रडत होते. मनगट लाल झालं होतं. ती मात्र मलाच समजावत होती.

"काही झालं नाही गं. पण तू करालीस तरी काय? हाका मारून मारून दमले मी."

मी गेमबद्दल सांगितलं. तिने मलम लावून घेतलं, पदर खोचला आणि सोफ्यावर येऊन बसली. "कानातलं काढ ते. काय ऐकून एवढी घाबरलीस, मला बघू दे."

हेडफोन काढून मी आवाज टीव्हीवर घेतला. आई मेथी निवडत बघू लागली. आधी तिला गंमतच वाटली. एवढ्या मोठ्या इस्पितळात एकही दिवा लागत नाही म्हणून तिने नावं ठेवली. मग धोबीखान्याच्या भिंतीपलीकडून चाल ऐकू आली. ठक्, आणि घासणं. आईचा हात मेथीत तसाच थांबला.

"कोण चालतंय?"

"तीच. मेट्रन."

"बंद कर," ती म्हणाली. मी बंद केला. ती स्वयंपाकघरात गेली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत फारशी बोलली नाही. हात दुखत असेल, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली नाही. आपणहून येऊन बसली. "लाव तुझा तो खेळ," म्हणाली. "शेवटी काय होतं ते बघायचंय मला."

तिथून पुढे आम्ही दोघी मिळून खेळलो. आईचे कान माझ्यापेक्षा तिखट. मला काही कळायच्या आधी ती माझा दंड धरायची. "आली. लप." चाल कुठल्या बाजूने येतेय, लांब आहे की जिन्यावर, हे तिला अचूक समजायचं. तिच्यामुळे आम्ही भराभर पुढे गेलो. पण माझी भीती कमी झाली नाही, वाढली. कारण आता मला आईचीही भीती दिसत होती. तिची बोटं गार पडायची. ओठ हलायचे, बहुतेक रामरक्षा. मी थांबू म्हटलं की ती मान हलवायची.

आठवडाभराने, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, दिवे गेले. गेममध्ये आम्ही इस्पितळाच्या शेवटच्या मजल्याशी आलो होतो. एरवी आमच्या इमारतीत जनरेटर लगेच सुरू होतो. त्या दिवशी झाला नाही. आई नुकतीच देवापुढे दिवा लावायला म्हणून स्वयंपाकघरात गेली होती. मी खाली गार्डला फोन केला. तो म्हणाला, "जनरेटर रिपेअर, मॅडम. स्वल्प टाइम."

आई अंधारात पडेल, असं मनात आलं. मी वॉकर घेतला आणि निघाले. वॉकर पुढे टेकायचा आणि प्लास्टरचा पाय ओढायचा. चारेक पावलं गेले असेन, तर आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि स्वयंपाकघराचं दार धाडकन लागलं. कडी लागली.

"आई?"

मी आणखी पुढे झाले. आतून ती ओरडली, "येऊ नका! पुढं येऊ नका!"

येऊ नका. मला ती कधीही अहो-जाहो करत नाही. दाराआड माझी आई होती आणि ती कुणा दुसऱ्याशी बोलत होती. मी वळून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं, नुसता अंधारा हॉल. तरी मी भिंतीला पाठ लावली.

"आई, मी आहे गं. वॉकरचा आवाज आहे तो."

मग कडी निघाली. देवापुढच्या निरांजनाच्या उजेडात ती जमिनीवर बसली होती. मीही कशीबशी तिच्याशेजारी बसले, आणि तिने सांगितलं.

माझ्या वडिलांना, आप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. त्यानंतर तीन वर्षं ते काठी टेकत, डावा पाय ओढत निपाणीच्या घरात चालायचे. रोज संध्याकाळी दिवे लागले की खोलीतून निघून स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे आणि चहा मागायचे. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती चाल अजून येते, आई म्हणाली. रोज नाही. पण आली की संध्याकाळीच. खोलीतून निघते, दाराशी येते आणि थांबते.

"चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर काढली," ती म्हणाली, "आणि आता ह्यांनाच भिते मी. कुणाला सांगू?"

"तू गेम का बघत बसलीस मग?"

"ती शेवटी काय करते, ते बघायचं होतं. नुसती चालते, की काही करते."

मला लाज वाटली. आठवडाभर तो आवाज मी ऐकत होते आणि मला आप्पांची आठवण झाली नव्हती. ती तीन वर्षं मी दिवाळीला दोन दिवस, गणपतीला दोन दिवस जात होते. आप्पा तेव्हा बहुतेक खुर्चीतच बसलेले असायचे.

दिवे अर्ध्या तासाने आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, सगळे पडदे उघडून, आम्ही गेम संपवला. शेवटी बहीण सापडत नाही. तिची खाट तेवढी सापडते. आपण त्या खाटेखाली लपतो आणि मेट्रन येते. तिचे पाय आपल्या डोळ्यांसमोर थांबतात. आईने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. मेट्रन वाकते, खाटेवरची चादर सारखी करते आणि निघून जाते. मग दार उघडं मिळतं आणि आपण बाहेर पडतो.

"काही केलं नाही तिने," मी म्हटलं.

"पण ती आतच राहिली," आई म्हणाली.

प्लास्टर निघाल्यावर मी तिला निपाणीला पोचवायला गेले आणि चार दिवस राहिले. बंगळूरला माझ्याकडेच राहा, असं बसमध्येही विनवलं. ती तयार झाली नाही. तिसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला. ती दाराकडे बघत होती. मी कान देऊन ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. पण आईचे डोळे खोलीपासून दारापर्यंत हळूहळू सरकत आले आणि चौकटीशी थांबले. माझी वळून बघायची हिंमत झाली नाही.

बंगळूरला परतल्यावर मी तिच्या घराचा वरचा मजला गावातल्या शाळेच्या एका शिक्षिकेला भाड्याने द्यायला लावला. घरात माणूस झालं, तिला बरं वाटतं म्हणते. संध्याकाळी मी फोन करते. परवा भाकरीबद्दल सांगताना ती मधेच गप्प झाली.

"आलेत का?" मी विचारलं. माझाच आवाज मला बारीक वाटला.

"हं," ती म्हणाली. "तू बोलत राहा."

सुचेल ते मी बोलत राहिले. आज काय केलं, किती पाऊस झाला, बस कुठे अडकली. हॉलमधला दिवा लागलेला होता, तरी मी उठून दुसराही लावला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सरी, बरंय. ठेव आता."

मी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.