लंकेतली पाणपोई

प्रेमदास हिंगणीचा गवंडी. बोलायला कमी, पण एकदा शब्द दिला की मागे फिरणार नाही असा. छप्पन साली दसऱ्याला त्याने आणि त्याची आई तानाबाई हिने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि परतल्यावर घरातले जुने देव नदीत सोडून दिले.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस लंकेत महापूर आला. गावंच्या गावं धुऊन निघाली. नागपूरच्या एका चर्चच्या तरुण मंडळाने तिकडे घरं बांधायला जथा न्यायचं ठरवलं. मंडळाचे पुढारी मधुकरराव शाळेत शिकवायचे. वर्ध्याजवळ एका दवाखान्याची भिंत घालताना त्यांची प्रेमदासशी ओळख झाली होती. जथ्यातल्या पोरांना वीट-चुन्याचं काम येत नव्हतं, म्हणून ते प्रेमदासला न्यायला हिंगणीला आले.

प्रेमदासने आधीच सांगून टाकलं, "येतो मी. पण मी बौद्ध आहो, गुरुजी. तुमच्या प्रार्थनेच्या टायमाले मी बाहेर बसन."

"प्रार्थना आमची आम्ही करू," मधुकरराव म्हणाले. "तुम्ही आम्हाला भिंत घालायला शिकवा."

तानाबाईला समुद्राची धास्ती होतीच, त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. निघताना ती म्हणाली, "आताच तं एक धर्म सोडला बापा. तिकडून तिसराच घेऊन येजो नोको."

धनुष्कोडीहून बोटीने जथा पलीकडे गेला. नदीकाठच्या गावात कामाला सुरुवात झाली. सकाळी पोरं प्रार्थनेला बसली की प्रेमदास बाहेर चुना मळत असे. हळूहळू पोरंही थापी धरू लागली. वैशाख लागेपर्यंत सात-आठ घरं छपरापर्यंत आली.

आणि वैशाखी पौर्णिमा आली. आदल्या वर्षी हिंगणीत हा सण कसा झाला होता? वस्तीतली थोडी घरं, अंगणात टेबलावर एक तसबीर आणि चार मेणबत्त्या. इथे मात्र अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत, दारोदारी बांबूच्या कामट्यांचे कागदी कंदील. प्रेमदास बघतच राहिला. आपला धर्म एवढा मोठा आहे हे त्याने ऐकलं होतं, डोळ्यांनी आज पाहिलं.

धुतलेला सदरा घालून तो विहारात गेला. सोबत मधुकररावही आले. लोकांना वाटलं, चर्चची माणसं बघायला आली असतील. प्रेमदास मात्र मूर्तीसमोर गुडघे टेकून बसला आणि त्याने त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. शब्द तेच, फक्त चाल हिंगणीची. आजूबाजूची कुजबुज थांबली. म्हातारे भंते पुढे आले. गावच्या मास्तरने त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगितलं आणि मधुकररावांनी मराठीत: हा माणूस कोण, याच्या घरात किती पिढ्यांपासून धम्म आहे?

"पयले आम्हीच," प्रेमदास म्हणाला. "माही माय आन मी, एकाच दिवशी."

हे कळताच भंतेंनी त्याला हाताने धरून सगळ्यांपुढे बसवलं आणि पंचशील त्यालाच सांगायला लावलं. प्रेमदास एक ओळ म्हणे, भरलेलं विहार ती त्याच्यामागून म्हणे. दारात उभ्या मधुकररावांनी टोपी काढून हातात घेतली होती.

त्या दिवशी तिकडे रस्तोरस्ती लोक येणाऱ्या-जाणाऱ्यांना खाऊपिऊ घालतात. बाहेर आल्यावर प्रेमदास म्हणाला, आपणही पाणपोई लावू. पोरांनी कैऱ्या गोळा केल्या, उकडल्या. तिथल्या ताडगुळात प्रेमदासने पन्हं कालवलं, तानाबाई कालवायची तसं. उन्हं चढली आणि यात्रेकरूंची रांग लागली.

वाढायला प्रेमदास उभा राहिला. गावाकडच्या पाणपोईवर त्याच्या लोकांना बांबूच्या नळीतून लांबून पाणी ओतत, ओंजळीत पडेल तेवढं प्यायचं. इथे म्हाताऱ्याकोताऱ्या बाया त्याच्या हातातून पेला घेत होत्या, पिऊन झाल्यावर हात जोडत होत्या. दोनदा पोरांनी सुचवलं, आता आम्ही वाढतो, तुम्ही बसा. तो हलला नाही. हंडा खरवडून निघाला तेव्हाच त्याने पळी खाली ठेवली, आणि मग चर्चच्या त्या पोरांसोबत उरलेल्या कैऱ्या मीठ लावून खात बसला.

पावसाळ्याच्या तोंडावर तो घरी परतला. तानाबाईने सगळं दोनदा ऐकून घेतलं, आणि त्यानंतर सेलूच्या बाजारात जी भेटेल तिला ती सांगू लागली, "माह्या पोराच्या मांगं सारी लंका पंचशील म्हणे, बाई."

सारी लंका नाही, एक गाव, असं प्रेमदास तिला समजावून सांगायचा. ती ऐकायची नाही. पुढे पुढे त्यानेही समजावणं सोडून दिलं.