अष्टमीची होडी

मुलाने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि त्यात घरातल्यांची यादी टाकली. रविवारी गोराईच्या खाडीत मासे पकडायला जायचं ठरत होतं. यादीचे दोन भाग होते, ‘होडी’ आणि ‘किनारा’. होडीत तो, सून आणि नात. किनाऱ्यावर एकटी मी. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘डबे, चपला सांभाळणे, सावलीत बसणे’.

माझं डोकंच फिरलं. सत्तरीच्या बाईला सावलीत बसवलं की यांना आपण केवढी काळजी घेतली असं वाटतं!

मी कोकणात खाडीकाठी वाढले. भाऊ गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे धरायला, होडीतून जायचे. मुलगी होडीत चढली की मासा लागत नाही, असं आमच्याकडे मानायचे. गरीला कोळंबी लावून द्यायचं काम माझं, आलेले मासे साफ करायचंही माझंच. मधला सगळा वेळ मी काठावर. मासा लागला नाही तरी दोष माझा, मी म्हणे होडीला हात लावला होता. लग्न होऊन बोरिवलीला आले, तर इथेही खाडी रिक्षाच्या अंतरावर. फेरीबोटीने पलीकडे कितीदा जाऊन आले, पण ती कसली होडी, पाण्यावरची बसच ती. तेव्हा मुलगी म्हणून काठावर, आता म्हातारी म्हणून काठावर. मधल्या वर्षांत कुणी विचारलंच नाही. याचा मला अजून राग येतो.

“मी होडीत येणार,” मी सांगून टाकलं.

“आई, गुडघा बघ ना तुझा,” मुलगा म्हणाला. “होडी हलते. उगाच रिस्क कशाला?”

“गुडघा माझा आहे. दिवस कुठला धरलास?”

“येता रविवार, अकरा वाजता. कॅलेंडर बघूनच ठरवलंय. संकष्टी नाही, एकादशी नाही. मिळाले की त्याच दिवशी तळायचे.”

मला हसू आलं. आमच्या घरात तिथी बघतात ती मासे खायला चालतील का, एवढ्यापुरतीच. त्या दिवशी खाडीत पाणी असेल का, हे कुणी बघत नाही.

“रविवारी अष्टमी,” मी म्हटलं. “तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. आठ पाऊण सहा. सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. होडी चिखलात बसेल आणि तुम्ही तिघं होडीत बसाल. मी येते डबे घेऊन.”

त्याला पटलं नाही. त्याने होडीवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, हे फार बरं केलं.

“ओहोटीला कुठे जाता साहेब?” होडीवाला म्हणाला. “माझी होडी बांधलेली असते तिथे तेव्हा पाणीच नसतं.”

फोन ठेवून मुलगा माझ्याकडे वळला. “मग कधी जायचं?”

“सांगते. आधी माझं नाव होडीत टाक.”

“आई, हे ब्लॅकमेल आहे यार.”

“आहे.”

त्याने नाव टाकलं. मग मी त्याच्या पुढचा रविवार सांगितला. पौर्णिमा, पंधरा पाऊण सव्वाअकरा, ऐन भरती.

“पौर्णिमेला मासे?” सून म्हणाली. “आई, तुम्हीच तर खाऊ देत नाही.”

“खाऊ नका, धरा. फ्रीज कशाला घेतलाय?”

त्या रविवारी एक हात मुलाने धरला, दुसरा होडीवाल्याने. पाय उचलताना भीती वाटली, खोटं कशाला बोलू! पण पुन्हा काठावर बसायची भीती त्याहून जास्त होती. मी चढले. होडी कलली, सावरली आणि मी मधल्या फळीवर बसले. सून माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत म्हणाली, “तुम्हाला काय आई, तुम्ही कोकणातल्या. पाण्यातच वाढलेल्या.”

“हो तर,” मी म्हटलं.

आमच्या खाडीत मुलींना पाण्यात उतरू देत नसत. मला पोहता येत नाही. हे मी होडी पार मधोमध गेल्यावर सांगितलं.